लक्षद्वीपच्या जहाज-सहलीत पोहणे आणि स्नॉर्केलिंग: पाण्यात उतरण्याचा बरोबर क्रम

कोचीहून निघणाऱ्या ‘समुद्रम’ सहलीत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय या तीन बेटांवर दिवसा उतरवतात आणि रात्री जहाजावर परत आणतात. मुंबईहून सुटणाऱ्या काही क्रूझही लक्षद्वीपपर्यंत जातात. दोन्हीकडे प्रवाशाच्या वाट्याला येते ते एका दिवसाचे बेट, मोजून दिलेली वेळ आणि कोणीतरी हातात ठेवलेला स्नॉर्केलिंगचा, म्हणजे तोंडात नळी धरून आणि चेहरा पाण्यात ठेवून पालथे तरंगण्याचा, मास्क. बहुतेकांनी तो मास्क त्याआधी कधी चेहऱ्याला लावलेला नसतो. मग समुद्रात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, मागे वीस जण ताटकळत असताना, तोंडाने श्वास घेण्याचा पहिला धडा गिरवला जातो. नाकातोंडात पाणी जाते, माणूस घाबरतो, आणि ‘लाइफ जॅकेट आहे ना’ या भरवशावर पुन्हा खाली वाकतो.

इथे चूक धाडसाची नसून क्रमाची आहे. समुद्र हा शेवटचा टप्पा आहे, आणि त्याच्या आधीचे टप्पे घरापासून सुरू होतात. पुढचा क्रम लक्षद्वीप डोळ्यांसमोर ठेवून लिहिला असला, तरी कॅरिबियनच्या क्रूझवर जाणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनाही तो जवळजवळ जसाच्या तसा लागू पडेल.

## टप्पा १: निघण्याच्या महिनाभर आधी तब्येत पाहणे

पोहता येणाऱ्याला स्नॉर्केलिंगचा धोका नाही, हा समज आधी काढून टाकावा. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर बुडून मरण पावणाऱ्या पर्यटकांत स्नॉर्केलिंग करणाऱ्यांचे प्रमाण मोठे असल्यामुळे तिथे त्याचा मुद्दाम अभ्यास झाला. त्यातून पुढे आलेली गोष्ट अशी की काही जणांच्या बुडण्याचे कारण पाणी गिळणे हे नसतेच. अरुंद नळीतून जोर लावून श्वास ओढताना छातीत उणा दाब तयार होतो, रक्तवाहिन्यांतला द्रव फुप्फुसात झिरपतो, आणि माणसाला काही कळायच्या आत हातापायांतले बळ जाते. ज्यांना हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब आहे त्यांना हा धोका अधिक असतो, आणि हे दोन्ही विकार आपल्याकडे पन्नाशीनंतर किती घरांत आहेत हे सांगायला नको.

म्हणून हृदयविकार, रक्तदाब, दमा, फेफरे किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल तर आपल्या डॉक्टरांना ‘पाण्यात जाऊ का’ असे मोघम विचारू नये. ‘तोंडात नळी धरून, चेहरा पाण्यात ठेवून अर्धा तास पोहायचे आहे’ असे स्पष्ट सांगून विचारावे, कारण दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. दोन मजले न थांबता चढल्यावर ज्यांना बोलताना धाप लागते त्यांनी पाण्यात खेळावे, किनाऱ्यावर बसावे, पण नळी तोंडात धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोट लागू नये म्हणून घेण्याच्या गोळ्यांचा प्रश्नही याच वेळी सोडवून घ्यावा. अव्होमिनसारख्या गोळीने झोप येते. ती रात्री जहाजावर घेणे वेगळे आणि सकाळी घेऊन दहा वाजता पाण्यात उतरणे वेगळे. कोणती गोळी, किती वाजता, आणि तिची गुंगी किती तास टिकते, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

## टप्पा २: मास्क आणि नळीची निवड

भाड्याचा मास्क चालतो, परंतु स्वतःचा असलेला केव्हाही बरा, कारण मास्कचा सगळा खेळ चेहऱ्याला तो किती नेमका बसतो यावर आहे. दुकानातली परीक्षा सोपी आहे. पट्टा डोक्यामागे न घेता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने हलका श्वास आत ओढावा आणि हात सोडावा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर तो आपला. घसरला, तर पट्टा कितीही आवळला तरी त्यात पाणी शिरणारच. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट कडा वाकडी होऊन ती वाढते.

मिशी असलेल्यांनी ही परीक्षा दोनदा करावी. नाकाखालची कडा मिशीवर बसली की केसांमधून पाणी झिरपते. कडेपुरती मिशी छाटणे किंवा तिथे थोडे व्हॅसलिन लावणे हे त्यावरचे दोन उपाय आहेत. बायकांच्या बाबतीत कपाळावरच्या बटा आणि क्लिपा कडेखाली अडकतात, म्हणून केस मागे घट्ट बांधून मगच मास्क लावावा.

चश्मा लावून मास्क घालता येत नाही. नंबरचे मास्क मिळतात. ज्यांना चश्म्याशिवाय दहा फुटांवरचे माणूस ओळखता येत नाही त्यांनी ते घ्यावेत, नाहीतर पाण्यात आपली होडी कोणती हेच समजणार नाही. निघणारी कवळी असेल तर ती काढून ठेवावी, आणि कवळीशिवाय नळीचे तोंड दातांत धरता येते का हे घरीच पाहावे.

नळी साधी, रुंद आणि फार लांब नसलेली असावी. दुकानदार झडपा असलेली महागडी नळी दाखवतात. तिने पाणी कमी येते हे खरे, पण झडपेमुळे श्वास ओढायला जोर लागू शकतो. दुकानातच ती तोंडात धरून जोरजोरात दहा श्वास घ्यावेत. छातीला ओढ जाणवली तर ती नळी ठेवून द्यावी. संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क नवशिक्याला सोपा वाटतो, कारण त्यात नाकानेही श्वास घेता येतो. मी तो कोणालाही सुचवत नाही. गडबड झाली की नळी थुंकून टाकता येते, तसा हा मास्क टाकता येत नाही. तो डोक्यावरून सोडवावा लागतो, आणि घाबरलेल्या माणसाला नेमके तेच जमत नाही.

तपासणी: नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. साधी टूथपेस्ट लावून काच आतून बोटाने चोळून दोन-तीनदा धुवावी, नाहीतर लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कट्ट्याआतल्या उथळ पाण्यात, धुक्याशिवाय काही दिसत नाही.

## टप्पा ३: गावच्या तरणतलावात चार गोष्टी

हा टप्पा सगळ्यांत जास्त वगळला जातो, आणि सगळ्यांत जास्त उपयोगी हाच आहे. तलावाच्या उथळ बाजूला, छातीइतक्या पाण्यात, पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात. एक जमल्याशिवाय पुढची घेऊ नये.

पहिली गोष्ट म्हणजे श्वास. कठडा धरून चेहरा पाण्यात ठेवावा आणि नळीतून सलग पाच मिनिटे श्वास घ्यावा. श्वास सावकाश आत आणि त्याहून सावकाश बाहेर जायला हवा. उथळ आणि भरभर श्वास घेतला तर नळीतली वापरलेली हवाच आत-बाहेर होत राहते आणि जीव कासावीस होतो. पाच मिनिटांत कंटाळा आला तर उत्तम. कंटाळा येणे म्हणजे भीती गेली.

दुसरी गोष्ट, नळीत आलेले पाणी काढणे. मुद्दाम डोके थोडे बुडवून नळीत पाणी घ्यावे आणि ‘थू’ म्हणतो तशी एकच जोरकस फुंकर मारावी. त्यानंतरचा पहिला श्वास नेहमी हळू घ्यावा, कारण तळाशी घोटभर पाणी उरलेले असते. फुंकर मारण्यासाठी छातीत हवा शिल्लक लागते, म्हणून श्वास कधीही पूर्ण रिकामा करू नये.

तिसरी गोष्ट, मास्कमधले पाणी. मास्कची वरची कडा कपाळावर दाबून धरावी, मान किंचित वर करावी आणि नाकाने हवा सोडावी. पाणी खालून निघून जाते. हे जमले की मास्कमध्ये पाणी शिरण्याची दहशत संपते.

चौथी गोष्ट पाठीवर वळण्याची. पालथे तरंगताना नळी थुंकायची, पाठीवर वळायचे, कान पाण्यात आणि तोंड आकाशाकडे ठेवून मिनिटभर निपचित पडून राहायचे. समुद्रात काहीही बिनसले तरी उत्तर हेच आहे, म्हणून हे दहा वेळा करावे. ज्यांना पाठीवर तरंगता येत नाही त्यांना पोहता येते असे मी मानत नाही, मग त्यांनी तलावाच्या कितीही फेऱ्या मारलेल्या असोत.

सावधान: ‘कोण जास्त वेळ श्वास रोखतो’ ही पैज मुलांना तलावातही लावू देऊ नये. आधी भराभर श्वास घेऊन मग बुडी मारली की श्वास घेण्याची ओढ दाबली जाते आणि माणूस काहीही न कळता पाण्याखाली बेशुद्ध होतो.

## टप्पा ४: जहाजावरचा पूल

ज्या क्रूझवर पोहण्याचा पूल असतो तिथे पहिल्याच संध्याकाळी गर्दी उसळते. तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुरे. जहाज डोलते तसे पुलातले पाणीही एका बाजूकडून दुसरीकडे जाते. मुलाच्या कमरेइतके पाणी क्षणात गळ्यापर्यंत येऊ शकते. पूल उथळ असतो, म्हणून सूर मारू नये. आणि अनेक जहाजांवर जीवरक्षक नसतो, असला तरी आपल्या मुलावर डोळा ठेवणे हे त्याचे एकट्याचे काम नव्हे. ज्याच्यावर ते काम आहे त्या मोठ्या माणसाने तेवढा वेळ मोबाइल खोलीत ठेवावा. पुलावर जाळी ताणलेली दिसली तर तो बंद आहे. बार उघडा असेल, तर दुसऱ्या सकाळी समुद्रात उतरायचे आहे हे लक्षात ठेवून त्या रात्रीचा बेत आखावा.

## टप्पा ५: जहाजातून होडीत

लक्षद्वीपची बेटे प्रवाळांची आहेत आणि भोवती प्रवाळाचा कट्टा आहे, त्यामुळे मोठे जहाज बहुधा बाहेर थांबते आणि प्रवाशांना छोट्या होड्यांतून नेतात. दिवसातला सर्वांत धोक्याचा क्षण पुष्कळदा हाच असतो, आणि त्याला कोणी धोका मानत नाही.

जहाजाच्या बाजूच्या दारात उभे राहिल्यावर समोर होडी वर-खाली होताना दिसते. ती लाटेवर पूर्ण वर येऊन क्षणभर थबकते, तेव्हा पाऊल टाकायचे. खाली जाऊ लागल्यावर टाकायचे नाही आणि उडी तर कधीच मारायची नाही. खलाशी तुमचे मनगट धरतो. तुम्हीही त्याचे मनगट धरावे, बोटे धरू नयेत, कारण ओली बोटे निसटतात. दोन्ही हात मोकळे हवेत, सामान पाठीवरच्या पिशवीत हवे. मोबाइलवर चित्रण करत उतरणारा एक तरी प्रवासी प्रत्येक फेरीत असतो आणि खलाशाला त्याच्याकडेच सगळे लक्ष द्यावे लागते. होडी आणि जहाज यांच्या मधल्या फटीत हात किंवा पाय कधीही जाऊ देऊ नये. साडी किंवा पायघोळ कपडा या दिवशी टाळावा.

## टप्पा ६: किनाऱ्यावरची पहिली पंधरा मिनिटे

होडीतून उतरल्यावर थेट पाण्याकडे धावू नये. आधी पाणी पाहावे आणि स्थानिक माणसाला विचारावे. प्रश्न नेमके असावेत: भरती आहे की ओहोटी, होड्यांची वाट कोणती, लगूनचे पाणी बाहेर कुठून जाते, आणि आज कुठपर्यंत जायचे.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लक्षद्वीपच्या बहुतेक बेटांचा लगून पश्चिमेला आहे. बाहेरच्या लाटा प्रवाळाच्या कट्ट्यावरून आत पाणी टाकत राहतात आणि ते पाणी कट्ट्यातल्या खिंडारांतून बाहेर पडते. ओहोटीला ही ओढ वाढते. वरून पाहता खिंडारावरचे पाणी गडद आणि शांत दिसते, आणि म्हणूनच नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. शिवाय होड्याही तिथूनच ये-जा करतात.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशोब आहे: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. मालवणकडे तो ढोबळमानाने कामाला येतो, पण तो आपल्या किनाऱ्याचा हिशोब आहे. बेटावर गेल्यावर तिथल्या नावाड्याचा शब्द प्रमाण मानावा.

याच पंधरा मिनिटांत जॅकेट तपासून घ्यावे. जहाजावरच्या खोलीत ठेवलेले जाड नारिंगी जॅकेट हे संकटात जहाज सोडण्याच्या प्रसंगासाठी असते. ते माणसाला उताणे करण्यासाठीच बनवलेले असल्यामुळे त्यात पालथे तरंगणे अवघड जाते, आणि लोक त्याच्याशी झगडून दमतात. स्नॉर्केलिंगसाठी पातळ, छातीला घट्ट बसणारे जॅकेट मागून घ्यावे.

तपासणी: सगळे पट्टे लावल्यावर दुसऱ्याने जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर ओढावेत. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते मोठे आहे. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असायलाच हवा. दंडावर फुगवायच्या रबरी पिशव्या हे खेळणे आहे, त्यांना जॅकेट समजू नये.

## टप्पा ७: पाण्यात

न्याहारी हलकी आणि किमान तासभर आधी झालेली असावी. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घालावा; पाठ, मान आणि पोटऱ्या पाण्यातही भाजतात आणि ते रात्री कळते. पायात रबरी बूट असावेत, कारण तळाशी सी अर्चिन या काटेरी समुद्रजीवाचे काटे असतात. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवरून घासत न्यावा, म्हणजे वाळूत दडलेले पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच निघून जाते.

जोडी ठरवावी आणि ती हाताच्या अंतरावर ठेवावी. चौघांचा गट म्हणजे जोडी नव्हे. चौघांत प्रत्येकाला वाटते की दुसरा पाहतो आहे. खुणाही आधी ठरवाव्यात. ‘ठीक आहे’ म्हणण्यासाठी हात डोक्यावर टेकवावा. हात वर करून हलवणे म्हणजे मदत हवी, एवढाच अर्थ राहू द्यावा. आपल्या मंडळींना किनाऱ्यावरच्या आजीला टाटा करण्याची फार हौस असते. तो टाटा त्या दिवसापुरता बंद.

मास्कमध्ये थोडी थुंकी चोळून खळबळावी, कमरेइतक्या पाण्यात तो लावावा आणि तिथेच दोन मिनिटे चेहरा बुडवून श्वास स्थिर होऊ द्यावा. मगच पुढे निघावे. सुरुवातीला प्रवाह येतो त्या दिशेने जावे, म्हणजे परतताना तो आपल्याला घेऊन येईल. दर काही मिनिटांनी डोके वर काढून किनारा आणि जोडीदार दोन्ही पाहावेत. खालचे मासे इतके गुंतवतात की माणूस पन्नास मीटर वाहून गेल्याचे त्याला समजत नाही. पहिली फेरी वीस मिनिटांत संपवावी, मजा वाटत असली तरी.

प्रवाळावर उभे राहू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार प्रवाळाला संरक्षण आहे आणि त्याचा तुकडा, मेलेला का असेना, पिशवीत घालणे हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी प्रवाळाने झालेली जखम चिघळते आणि लवकर भरत नाही. ती लगेच स्वच्छ पाणी आणि साबणाने धुवावी.

सावधान: श्रम फारसे नसताना धाप लागली, पाय जड झाले, किंवा विनाकारण भीती दाटून आली, तर ‘थोडे थांबून पाहू’ म्हणू नये. नळी थुंकावी, पाठीवर वळावे, हात हलवावा आणि पाण्याबाहेर यावे. त्या दिवशी पुन्हा उतरू नये.

प्रवाह ओढू लागला तर त्याच्याशी समोरासमोर झगडू नये. तरंगत राहावे, खूण करावी, आणि बळ असेल तर प्रवाहाला आडवे जात त्याच्या बाहेर पडावे.

## टप्पा ८: काही घडलेच तर

पाण्यातून काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर आपल्याकडे पहिल्यांदा त्याचे पोट दाबतात किंवा त्याला उलटे करतात. हे दोन्ही करू नये. त्यात वेळ जातो, आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत येते. त्याला प्राणवायू हवा असतो. उताणा ठेवून, मान मागे करून, नाक चिमटीत धरून आधी तोंडावाटे दोन श्वास द्यावेत आणि मग छातीच्या मधोमध तीस दाब, पुन्हा दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. दुसऱ्याने ११२ लावावा आणि सहलीच्या माणसाला गाठावे. ही कृती वाचून येत नाही. निघण्याआधी घरातल्या एकाने तरी प्रथमोपचाराच्या वर्गात ती हाताने करून पाहावी. बेटांवर दवाखाने आहेत, पण गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला न्यावे लागते, म्हणून पहिली दहा मिनिटे आपलीच असतात.

पाकटाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा; गरमपणा आधी दुसऱ्याच्या हाताने तपासावा. काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर तो उपटू नये. जेली फिश लागली तर चोळू नये आणि गोडे पाणी ओतू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावे.

## टप्पा ९: परतीची होडी आणि रात्र

शेवटच्या होडीच्या तासभर आधी पाण्याबाहेर यावे. घाईत परतणारा दमलेला माणूस आणि वर-खाली होणारी होडी, हे दोन्ही एकत्र येऊ देऊ नये. घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावलेले असावे. जोडीने उतरलात तसे जोडीनेच हजेरी द्यावी.

कोणी त्या दिवशी स्नॉर्केलिंगऐवजी सिलिंडर लावून स्कुबा केले असेल आणि दुसऱ्या दिवशी अगत्तीहून विमान पकडायचे असेल, तर एका साध्या बुडीनंतर किमान बारा तास आणि एकाहून जास्त बुड्या झाल्या असतील तर अठरा तास विमानात बसू नये. केवळ स्नॉर्केलिंग केलेल्यांना हा नियम नाही.

ज्याच्या नाकातोंडात पाणी गेले होते किंवा ज्याला पाण्यात धाप लागली होती त्याला रात्री एकटे झोपू देऊ नये. सततचा खोकला, फेसाळ थुंकी, आडवे झाल्यावर वाढणारी धाप किंवा मुलाच्या बाबतीत नेहमीपेक्षा वेगळी सुस्ती दिसली, तर सकाळची वाट न पाहता जहाजावरच्या डॉक्टरांना उठवावे. बाकीच्यांनी मास्क आणि नळी गोड्या पाण्याने धुऊन, न्हाणीघरात सावलीत टांगून, आपापले जॅकेट कोणत्या मापाचे होते ते कागदावर लिहून ठेवावे. सकाळी पुढच्या बेटावर तेच माप मागायचे आहे.